काय देतायत?

[दृश्य: जाळीची पिशवी, घडी उलगडणारा हात]

ही सुती जाळीची पिशवी. रशियन नाव ‘अवोस्का’. ‘अवोस’ म्हणजे मिळालं तर मिळालं! 1970 च्या दशकात, सोव्हिएत काळात, मॉस्कोतला माणूस घराबाहेर पडताना ही खिशात टाकायचा, सोबत रोकड. यादी करून उपयोग नव्हता. वाटेत रांग दिसली की आधी शेवटी उभं राहायचं, मग पुढच्याला विचारायचं, “काय देतायत?” विकतायत नाही, देतायत. आपल्या रेशनच्या रांगेतलाच शब्द.

हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी या व्यवस्थेला टंचाईची अर्थव्यवस्था म्हटलं. भाव सरकारने बांधलेले, माल कधी येईल याचा नेम नाही. बूट आज आलेत ना, मग आजच घ्या. आपल्या मापाचे नसले तरी घ्या, कुणाला तरी होतील. म्हणून पैसा हाताशीच हवा.

[दृश्य: झिगुली गाडी]

रशियातल्या तोल्यात्ती शहरातल्या कारखान्यातली पहिली झिगुली साडेपाच हजार रुबलांची. सरासरी पगार महिना दीडशेच्या आसपास. नंबर लागायला वर्षं जायची आणि लागला की सगळी रक्कम एकदम भरायची. स्कूटरसाठी नंबर लावलेल्या आपल्या आधीच्या पिढीला हे समजावून सांगायला नको.

बचत खात्यांत 1970 ला सुमारे 47 अब्ज रुबल होते, 1985 ला 220 अब्ज. व्याज जेमतेम दोन-तीन टक्के. यातले हौसेने साठवलेले किती आणि घ्यायला काही नाही म्हणून पडून राहिलेले किती, यावर अर्थतज्ज्ञ भांडत राहिले. मला वाटतं, ज्याचं पासबुक त्यालाही ते सांगता आलं नसतं.

[दृश्य: रात्रीच्या बातम्या, टीव्हीचा पडदा]

22 जानेवारी 1991, रात्री नऊ. 1961 च्या 50 आणि 100 रुबलांच्या नोटा रद्द. बदलायला तीन दिवस, माणशी फार तर हजार रुबल. बँका केव्हाच बंद झालेल्या. मेट्रो आणि रेल्वेच्या तिकीट खिडक्यांवर लोक शंभराची नोट मोडायला धावले. असा काही नोटाबदल होणार नाही, असं सोव्हिएत पंतप्रधान पावलोव आधी सांगत होते.

2 जानेवारी 1992 ला रशियात बहुतेक भाव मोकळे झाले. हळूहळू दुकानांत माल दिसू लागला, रांगा ओसरल्या. वर्षअखेर भाव सुमारे 26 पट. गाडीसाठी जमवलेल्या साडेपाच हजारांत आता जुन्या दोनशे रुबलांचा माल येत होता.