गार पाहिजे, गोठलेलं नको

मंडळी, विषयाला हात घालायच्या आधी एक काम करून घेतो. हे टेबलावर बघा, मातीच्या दोन कुंड्या, एकात एक, मधल्या फटीत ओली वाळू आणि वरनं ओलं फडकं. कुंभार गल्लीतनं आणल्यात, सकाळपासनं भिजवून ठेवल्यात. आत इन्सुलिनची रिकामी बाटली आहे आणि तिच्याशेजारी थर्मामीटर. दुसरा थर्मामीटर तिकडं खिडकीजवळ लावलाय, तो आत्ता ३५ दाखवतोय. आतला शेवटी वाचू.

आता मला सांगा, इथं इन्सुलिन कितीजण घेताय? हात वर करा, लाजायचं काही कारण नाही, तांबड्या-पांढऱ्याच्या गावात साखर कुणाला चुकलीय. बघा, अर्धा हॉल.

माझं इथं कोल्हापुरात राजारामपुरीत औषधाचं दुकान, ३१ वर्षं झाली. या ३१ वर्षांत मी एक वाक्य काही हजार वेळा ऐकलं असेल, "साहेब, जरा बर्फ जास्त घाला." माणूस गडहिंग्लजला निघालेला असतो, गारगोटीला निघालेला असतो, आणि त्याच्या डोक्यात हे पक्कं बसलेलं असतं की औषध फ्रिजमधलं आहे म्हणजे जितकं गार तितकं चांगलं. नाही हो. फ्रिजमधल्या औषधाला २ ते ८ डिग्री पाहिजे, शून्य नको. ऊन लागलं तर इन्सुलिन हळूहळू उतरतं, पण एकदा गोठलं की त्या क्षणाला संपलं, नंतर वितळून पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी ते टाकूनच द्यायचं. मला आज बोलायचंय ते एवढंच, बाकी सगळं त्याच्याभोवतीचं.

आणि हे मी पुस्तकातनं सांगत नाही, माझ्या थोरल्या बहिणीबरोबर घडलंय म्हणून सांगतोय. अक्का ६८ वर्षांची, इन्सुलिन दिवसातनं चार वेळा, शिवाय सांध्याचं ते महागडं इंजेक्शन, पंधरा दिवसातनं एक. तिचा मुलगा उत्तरेकडं नोकरीला, त्याला बाळ झालं म्हणून अक्का तीन महिने राहायला निघालेली आणि सोडायला मी. जानेवारीचा महिना. तीन महिन्यांचं औषध मी स्वतः पॅक केलं, जेलचे पॅक टॉवेलात गुंडाळून, औषधाला थेट चिकटणार नाहीत असे, मधे पुठ्ठा घालून. उजळाईवाडीला, आपल्या विमानतळावर, सिक्युरिटीत त्यांनी बॅग उघडली, मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, दोन मिनिटांत सोडलं. मुंबईलाही तसंच. मला वाटलं, झालं, आता पोचलोच.

मुंबईहून निघालेलं विमान तिकडं उतरेनाच. खाली धुकं. तासभर वर घिरट्या, मग भलत्याच शहरात उतरवलं, तिथं विमानातच तीन तास बसवून ठेवलं, आणि रात्री साडेदहाला सांगितलं की उतरा, फ्लाइट रद्द, आता सकाळी बघू. लहान मुलं रडतायत, म्हातारी माणसं खुर्च्या शोधतायत, काउंटरवर दोन पोरी आणि समोर दोनशे माणसं. त्या पोरींचा मला राग नाही, त्या दोघी संध्याकाळपासनं उभ्या होत्या, पाणीसुद्धा प्यायल्या नव्हत्या. पण मी विचारलं की औषध ठेवायला फ्रिज मिळेल का, तर त्यांनी सुपरवायझरला विचारलं, त्यानं फोन लावला, आणि उत्तर आलं की प्रवाशाची वस्तू आम्ही ठेवून घेऊ शकत नाही, जबाबदारीचा प्रश्न येतो. मेडिकल रूममधे गेलो, तिथल्या फ्रिजला कुलूप आणि किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडं.

अक्का तेवढ्यात रडायला लागली. तिला औषधाच्या पैशाचं वाईट वाटत होतं, स्वतःचं नाही. ते बघून माझंही डोकं चालेनासं झालं, दुकानात शंभर जणांना शांतपणे सांगणारा माणूस मी, तिथं मला एकच दिसत होतं, जेलचे पॅक मऊ पडलेत. आणि मी गेलो एका सँडविचवाल्याच्या स्टॉलवर. पोरगा गुणाचा होता, त्यानं कोल्ड्रिंकच्या फ्रिजमधे पुढच्या कप्प्यात जागा करून दिली, एक पैसा घेतला नाही. मी त्याला दोनदा सांगितलं, मागच्या भिंतीला लावू नको. त्यानं तसंच ठेवलं. पण रात्री दोनला त्याची पाळी संपली, दुसरा आला, त्यानं पाण्याच्या बाटल्या भरताना आमचा डबा मागं सरकवला. कोल्ड्रिंकच्या फ्रिजची मागची भिंत तुम्ही बघितली असेल, तिथं टेकलेल्या पाण्याच्या बाटलीत बर्फाचे खडे होतात. पहाटे साडेपाचला डबा बाहेर काढला तर इन्सुलिन भरलेल्या सहा टोचायच्या पेनांत बर्फ झालेला, आणि सांध्याच्या इंजेक्शनचा एक खोकाही कडक.

ते सगळं टाकलं. बाकीची पेनंही टाकली, कारण कुठलं गोठलं होतं आणि कुठलं नाही हे डोळ्यांनी सांगता येत नाही. तीन महिन्यांचं औषध, पहाटे, कचऱ्याच्या डब्यात.

आणि मला अजून झोप लागत नाही ती वेगळ्या गोष्टीनं. त्या टर्मिनलमधे त्या रात्री फार तर १८-२० डिग्री असेल. ते औषध अक्काच्या पिशवीत तसंच रात्रभर ठेवलं असतं तर त्याला काहीही झालं नसतं! बहुतेक इन्सुलिन ३० डिग्रीच्या आत फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे टिकतं. अक्काच्या सांध्याच्या इंजेक्शनला, अडालिमुमॅब त्याचं नाव, २५ डिग्रीच्या आत १४ दिवस चालतं. मी याला दुकानात औषधाची रजा म्हणतो. प्रत्येक औषधाला फ्रिजबाहेरची ठराविक रजा असते, कुणाला महिना, कुणाला पंधरवडा, कुणाला अजिबात नाही, आणि ती खोक्यातल्या त्या बारीक अक्षरातल्या कागदावर लिहिलेली असते, जो आपण सगळ्यात आधी फेकतो. फक्त रजा सुरू झाली की तारीख लिहायची पेनानं खोक्यावर, आणि रजा संपली की औषध संपलं, परत फ्रिजमधे ठेवून दिवस वाढत नाहीत.

थोडं बाजूला जातो. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोमधे लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याच वर्षी ६ मे ला आपले शाहू महाराज गेले. म्हणजे बघा, आपण ज्यांना काल-परवाचे समजतो त्यांच्या हयातीच्या अगदी शेवटाला हे औषध आलं, त्याआधी ज्या पोराला ही साखर व्हायची ते पोर वाळून जायचं, आईबाप बघत बसायचे. आणि शोधणाऱ्यांनी पेटंट टोरांटोच्या युनिव्हर्सिटीला एक-एक डॉलरला दिलं. म्हणून मला ते कचऱ्यात टाकताना हात थरथरला, उगाच नाही.

दुसरी गोष्ट, आपल्या गगनबावड्याच्या, शाहूवाडीच्या आरोग्यसेविका. डोंगरात लस घेऊन जाणाऱ्या बायका. त्यांना विचारा बर्फाचं पॅक कसं भरायचं. त्या फ्रीझरमधनं काढल्या काढल्या कधीच भरत नाहीत, पॅक बाहेर ठेवतात, घाम फुटू देतात, हलवून कानाशी धरतात, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच चार पॅक कॅरियरमधे, म्हणजे लस न्यायच्या पेटीत. कारण कडक बर्फ शून्याच्या खाली असतो, लस गोठते. पोलिओच्या बाटलीवर तर एक चौकोन असतो, उष्णता लागली की त्याचा रंग बदलत जातो, बाटली स्वतःच सांगते माझं काय झालंय ते. आपल्या इन्सुलिनच्या बाटलीवर असलं काही नाही, गोठल्याचं सांगणारं नाही, तापल्याचं सांगणारं नाही. का नाही? मुलाला पाजायच्या दोन थेंबांना जी काळजी, ती आयुष्यभर टोचून घेणाऱ्याला का नको?

बरं, चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिलीत म्हणे. आणि जे पत्रिकेवर छापलंय, विमानानं जाताना औषध कसं न्यायचं, ते अजून बोललोच नाही. पटपट घेतो.

औषध कधीच चेक-इनच्या बॅगेत टाकायचं नाही. खाली होल्डमधे किती गार पडेल, धावपट्टीवर ट्रॉलीत उन्हात किती तापेल याचा भरवसा नाही, शिवाय बॅगच भलतीकडं गेली तर. दोघं असाल तर निम्मं निम्मं दोघांच्या हातातल्या पिशवीत. लागतं त्याच्या दुप्पट न्या. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि त्यात औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नुसतं नको, म्हणजे परगावी दुकानदाराला कळतं. औषधाला आणि बर्फाला मधे कापड. ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, नको, विमानात ते विमान कंपनीच्या परवानगीनं अडीच किलोपर्यंत नेता येतं हे खरं, पण ते उणे ७८ डिग्री असतं, इन्सुलिनचा दगड होईल. विमानातल्या बायांना फ्रिजमधे ठेवायला देऊ नका, तिथंही बर्फच असतो. ओल्या करून वापरायच्या पिशव्या मिळतात, पाणी उडतं आणि आत गार राहतं, माठासारखं, या टेबलावरच्या कुंड्यांसारखं, पण त्या कोरड्या हवेत चालतात, जुलैत मुंबईला नाही. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, जेवणाआधीचं इन्सुलिन जेवण हातात आल्याशिवाय टोचू नका. नुसतं अनाउन्स झालं म्हणून टोचलं आणि विमान हलायला लागलं म्हणून ट्रॉली परत गेली तर साखर खाली जाते. खिशात साखरेच्या पुड्या ठेवा.

नियमांचं. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे, अडीच तासांपर्यंतच्या फ्लाइटला दोन तासांपेक्षा जास्त उशीर झाला की खाणंपिणं द्यायचं, सहा तासांवर गेला की दुसरी फ्लाइट नाहीतर पैसे परत. धुक्यासारख्या कारणाला नुकसानभरपाई नाही, ते मी मान्य करतो, धुकं कुणाच्या हातात नाही. पण त्या नियमात जेवण आहे, हॉटेल आहे, औषधाचा फ्रिज नाही. माझी मागणी तेवढीच. एक छोटा फ्रिज, आत थर्मामीटर, आणि किल्ली रात्रपाळीच्या माणसाकडं. सुरुवात आपल्या उजळाईवाडीपासनं करू. २०१९ च्या महापुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीला हायवे पाण्याखाली, तेव्हा दुकानातलं इन्सुलिन वाचवायला शेजारपाजारच्यांनी घरातले थर्मास आणून दिले होते, कुणी जबाबदारीचा प्रश्न काढला नाही. अर्ज तयार करून आणलाय, दाराशी टेबलावर आहे, जाताना सही करा, फोन नंबर नको, नुसती सही.

हो हो, थांबवतो. तेवढा थर्मामीटर वाचा कुणीतरी पुढं येऊन. वाचा मोठ्यानं. खिडकीजवळचा? ३५. आणि कुंडीतला? २६. बघितलं? बर्फाचा एक खडा नाही त्यात.