शेवटचा दगड सँड्राचा

[पडद्यावर: सस्कॅचवानचं सपाट माळरान, बर्फाखाली गेलेली गव्हाची शेतं, रेल्वेचे रूळ, लांबवर धान्याचं उंच कोठार]

कर्लिंग म्हणजे बर्फावरून दगड सरकवण्याचा खेळ. त्याच्या संघात चार जणी खेळतात. प्रत्येकीच्या वाट्याला एका एंडमध्ये, म्हणजे एका फेरीत, दोन दगड येतात. साधारणपणे शेवटचे दोन दगड स्किपचे, म्हणजे कर्णधाराचे. दोन्ही संघांचे मिळून पंधरा दगड पडेपर्यंत बर्फावर जे काही साधलं असेल, जे काही चुकलं असेल, ते सगळं सोळाव्या दगडावर येऊन ठेपतं. म्हणून नाव स्किपचं होतं, आणि संघही तिच्याच नावानं ओळखला जातो.

सँड्रा श्मर्लर ही कॅनडाच्या थोर स्किपपैकी एक. तिच्या हातून सुटलेल्या त्या शेवटच्या दगडांची आठवण तिथे आजही निघते. पण तो दगड पुढे नेणारे हात दुसऱ्या दोघींचे असायचे, आणि तिसरी समोरच्या टोकाला उभी राहून दिशा दाखवत असायची. सँड्राच्या कारकिर्दीकडे या चौघींना एकत्र ठेवूनच पाहायला हवं.

[पडद्यावर: बिगर गावाचा मुख्य रस्ता]

सँड्राचा जन्म 11 जून 1963 चा. गाव बिगर, कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात, सस्कॅटून शहराच्या पश्चिमेला. वस्ती दोनेक हजारांची, गाव रेल्वेचं. या प्रांतात हिवाळा लांबतो, पारा उणे तीसच्याही खाली उतरतो, आणि गाव कितीही लहान असलं तरी तिथे कर्लिंगचा हॉल असतोच. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, म्हातारे, पोरंटोरं, सगळे तिथेच जमतात. सँड्राही अशाच हॉलमध्ये हा खेळ शिकली. 1981 मध्ये शाळेच्या संघातून तिनं प्रांताची शालेय स्पर्धा जिंकली. तेव्हा ती स्किप नव्हती, तिसऱ्या क्रमांकावर खेळायची.

पुढे सस्कॅचवान विद्यापीठातून तिनं शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आणि रिजायना शहरात नोकरी धरली. काम महापालिकेच्या क्रीडा केंद्रात, देखरेखीचं. दिवसा ड्यूटी, संध्याकाळी बर्फ. 1987 मध्ये कॅथी फाल्मनच्या संघातून ती पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्याच संघात जॅन बेटकर होती. या दोघींनी 1990 मध्ये स्वतःचा संघ बांधायचं ठरवलं आणि स्किपची जबाबदारी सँड्राकडे आली. दुसऱ्या क्रमांकावर जोन मॅकस्कर, पहिल्या क्रमांकावर मार्शा गुडराइट. क्लब रिजायनाचा कॅलेडोनियन.

[पडद्यावर: चौघींचं संघचित्र. थोडा वेळ थांबू द्यावं.]

कर्लिंगमध्ये खेळाडू सारखे संघ बदलतात. एक हंगाम फसला की स्किप नवी जोडीदार शोधते. या चौघी मात्र वर्षानुवर्षं एकत्र राहिल्या. जोन शिक्षिका होती, मार्शा संगणक क्षेत्रात. खेळावर कुणाचंच घर चालत नव्हतं. सराव, प्रवास, स्पर्धा, सगळं रजा काढून, कामाच्या वेळा सांभाळून आणि पुढे मुलं झाल्यावर त्यांची सोय लावून. हे मुद्दाम सांगतो, कारण यापुढे ज्या विजयांची नावं घेणार आहोत ते सगळे अशा उरलेल्या वेळातून उभे राहिलेले आहेत, आणि माझ्या मते त्यांचं मोल त्यामुळेच अधिक आहे.

खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडे हा खेळ बहुतेकांना चार वर्षांनी एकदा, हिवाळी ऑलिम्पिकच्या दिवसांतच दिसतो, आणि ब्रश घेऊन बर्फ घासणारी माणसं पाहून नवल वाटतं.

[पडद्यावर: बर्फाची पट्टी वरून]

बर्फाची पट्टी सुमारे 45 मीटर लांब. पलीकडच्या टोकाला एकात एक काढलेली वर्तुळं, त्याला म्हणतात हाऊस. सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास बारा फूट. दगड ग्रॅनाइटचा, वजन सुमारे 19 किलो. उत्तम दगडांसाठी ग्रॅनाइट येतो स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग या छोट्या बेटावरून. सामन्याआधी बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडतात. ते गोठतात आणि पट्टीभर बारीक दाणे उभे राहतात. दगड त्या दाण्यांवरून सरकतो आणि सोडताना त्याला जो हलका पीळ दिलेला असतो, त्यानं हळूहळू वळत जातो. पुढे ब्रश घासला की बर्फाचा पृष्ठभाग किंचित तापतो, घर्षण कमी होतं, दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे हातातून सुटल्यानंतरही दगडाचा प्रवास बदलता येतो. किती घासायचं, कधी थांबायचं, हे एका टोकाकडून ओरडून सांगितलं जातं, आणि घासणाऱ्या दोघी वेगाचा अंदाज परत ओरडून सांगतात. चार माणसांचं असं एकमेकींवर अवलंबून असणं फार थोड्या खेळांत आहे.

एंड संपला की हाऊसच्या केंद्राला सर्वांत जवळ ज्यांचा दगड, गुण त्यांनाच. शेवटचा दगड टाकायचा हक्क म्हणजे हॅमर. एका एंडमध्ये गुण मिळाले की पुढच्या एंडचा हॅमर समोरच्याकडे जातो. त्यामुळे हॅमर हातात असताना एकच गुण पदरात पडला, तर चांगले संघ हळहळतात.

[पडद्यावर: 1993 ची जुनी चित्रफीत]

1993. कॅनडाची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा, तिचं तेव्हाचं नाव स्कॉट टूर्नामेंट ऑफ हार्ट्स. प्रांतोप्रांतीचे विजेते एकत्र येतात. सँड्राचा संघ सस्कॅचवानकडून खेळला आणि जिंकला. त्याच वर्षी जिनिव्हात जागतिक विजेतेपद. राष्ट्रीय स्पर्धेतल्या विजेत्या संघाला पुढच्या वर्षी टीम कॅनडा म्हणून थेट प्रवेश मिळतो. 1994 मध्ये त्या तशाच आल्या आणि पुन्हा जिंकल्या. मग जर्मनीत ओबर्स्टडॉर्फला पुन्हा जगज्जेत्या.

नंतरची दोन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद आलं नाही. संघ मोडला असता तर कुणालाच नवल वाटलं नसतं. तो मोडला नाही. 1997 मध्ये व्हँकुव्हरला हार्ट्स तिसऱ्यांदा जिंकली, बर्नला जागतिक स्पर्धाही तिसऱ्यांदा. महिलांच्या जागतिक स्पर्धेत तीन विजेतेपदं मिळवणारी सँड्रा ही पहिली स्किप. आणि तिन्ही वेळा त्याच चौघी.

त्या हिवाळ्यात आणखी एक दार उघडलं होतं. 1998 च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये महिला कर्लिंगला पहिल्यांदाच पदकाचा दर्जा मिळणार होता. पण तीनदा जगज्जेतं असूनही कॅनडाकडून जाण्याचा मान आपोआप मिळत नाही. त्यासाठी निवड स्पर्धा, आणि कॅनडातली निवड स्पर्धा कित्येकदा जागतिक स्पर्धेहूनही कठीण असते.

[पडद्यावर: ब्रँडन, नोव्हेंबर 1997. प्रेक्षकांनी भरलेलं स्टेडियम]

ठिकाण मॅनिटोबातलं ब्रँडन. सँड्राची पहिली मुलगी सप्टेंबरमध्ये जन्मलेली, म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांची. अंतिम सामना कॅलगरीच्या शॅनन क्लायब्रिंकशी. सातव्या एंडला सँड्राकडे शेवटचा दगड आहे. हाऊसच्या मध्याजवळ क्लायब्रिंकचा दगड बसलाय आणि तो सहज उडवता येईल असा नाही.

सँड्रानं जो फटका निवडला तो कॅरम खेळणाऱ्या माणसाला लगेच कळेल. स्ट्रायकर आधी कडेच्या सोंगटीला लागून वळतो आणि मग हव्या त्या सोंगटीवर जातो, तसा. फरक इतकाच की इथे स्ट्रायकर 19 किलोचा आहे, पट्टी शंभर फुटांहून लांब आहे आणि दगड वाटेत वळत जातो. पहिला स्पर्श बोटभर इकडे-तिकडे झाला तरी सगळं गेलं.

[इथे निवेदन थांबावं. फटक्याचं दृश्य मूळ आवाजासह.]

दगड कडेच्या दगडावर आदळला, कोन घेऊन आत वळला, क्लायब्रिंकचा दगड बाहेर गेला. तीन गुण. कॅनडात कर्लिंगचे जे मोजके फटके पुन्हा पुन्हा दाखवले जातात, त्यांत हा आहे. सामना 9-6. त्या दिवशी हरलेल्या शॅनन क्लायब्रिंकनं आठ वर्षांनी, 2006 च्या तुरिन ऑलिम्पिकमध्ये कॅनडासाठी कांस्यपदक जिंकलं, हेही इथे सांगायला हवं. सँड्राच्या समोर कसल्या दर्जाच्या खेळाडू होत्या, ते त्यावरून कळतं.

[पडद्यावर: कारुइझावा, फेब्रुवारी 1998]

नागानो ऑलिम्पिकचं कर्लिंग झालं कारुइझावा या डोंगरातल्या थंड हवेच्या गावी. 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमधल्या घोडेस्वारीचा एक प्रकारही (इव्हेंटिंग) इथेच झाला होता. आठ संघ. साखळीत कॅनडानं सातपैकी सहा सामने जिंकले. संघाबरोबर राखीव खेळाडू अटिना फोर्ड आणि प्रशिक्षक अनिता फोर्ड.

उपांत्य सामना मात्र अंगावर आला. समोर ब्रिटनचा संघ, स्किप कर्स्टी हे. दहा एंड संपले तरी बरोबरी. अकरावा एंड खेळावा लागला आणि कॅनडा 6-5 नं निभावला. अंतिम सामना डेन्मार्कशी. पहिल्याच एंडमध्ये कॅनडाचे तीन गुण, आणि शेवटी 7-5. महिला कर्लिंगचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण सँड्रा, जॅन, जोन आणि मार्शा यांच्या गळ्यात. हरलेल्या डेन्मार्कसाठीही तो दिवस इतिहासातला, कारण हिवाळी ऑलिम्पिकमधलं ते त्यांचं पहिलंवहिलं पदक.

त्याच स्पर्धेत कॅनडाचा पुरुष संघ अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडकडून हरला. ज्या देशाला कर्लिंग आपलं वाटतं, त्या देशाला त्या वर्षी सुवर्ण आणून दिलं ते रिजायनाच्या या चार नोकरदार बायकांनी.

[पडद्यावर: विमानतळावरचं स्वागत. मग हळूहळू अंधार.]

जून 1999 मध्ये सँड्राला दुसरी मुलगी झाली. गरोदरपणातच पाठ दुखत होती, खाल्लेलं पचत नव्हतं. बाळंतपणानंतर तपासण्या झाल्या तेव्हा हृदयामागे कॅन्सरची गाठ सापडली. शस्त्रक्रिया आणि उपचार सुरू झाले. घरात एक दोन वर्षांची मुलगी, एक तान्ही.

फेब्रुवारी 2000 मध्ये ती मॉन्क्टन शहरात गेली. तिथे कॅनडाची ज्युनिअर कर्लिंग स्पर्धा होती आणि दूरचित्रवाणीसाठी समालोचन करायचं काम तिनं घेतलं होतं. त्या मुक्कामात तिनं पत्रकारांना बोलावलं आणि स्वतःच्या आजाराबद्दल सगळ्यांसमोर बोलली. बरी झाल्यावर काय करायचं, हेही सांगितलं. घराकडे लक्ष द्यायचं, कारण कर्लिंगपलीकडे आयुष्य असं राहिलंच नव्हतं. कुठल्यातरी उन्हाच्या गावी सुट्टीवर जायचं. आणि निवांत बसून मुलींना मोठं होताना पाहायचं.

मला ही यादी फार जवळची वाटते. तिच्यात एकही पदक नाही, पुढच्या ऑलिम्पिकचा उल्लेख नाही. ज्या वेळातून तिनं दहा वर्षं खेळ काढून घेतला होता, तो वेळ तिला आता मुलींसाठी हवा होता. तो मागायला ती संकोचली नाही.

2 मार्च 2000 रोजी सँड्रा गेली. वय 36.

[पडद्यावर: सस्कॅटून, मार्च 2000]

त्याच आठवड्यात सस्कॅटूनला ब्रायर सुरू होतं, कॅनडातल्या पुरुषांची सर्वांत मानाची कर्लिंग स्पर्धा. तिच्या अंत्यसंस्काराची प्रार्थना दूरचित्रवाणीवरून देशभर थेट दाखवली गेली. ब्रायरमध्ये त्या सकाळचे सामने उशिरा सुरू करण्यात आले आणि स्टेडियममध्ये जमलेल्या लोकांनी तिथेच बसून तिला निरोप दिला. राजकारण्यांनाही असा निरोप क्वचित मिळतो.

बाकीच्या तिघींनी खेळाशी नातं तोडलं नाही. जॅन बेटकर पुढे स्वतः स्किप म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. जोन मॅकस्कर समालोचक झाली आणि प्रेक्षकांना तिचा आवाज ओळखीचा झाला. महिला कर्लिंगचं पुढचं सुवर्ण कॅनडाला मिळायला मात्र सोळा वर्षं गेली. 2014 मध्ये सोचीला जेनिफर जोन्सच्या संघानं एकही सामना न हरता ते आणलं.

[पडद्यावर: नवजात अर्भकांचा अतिदक्षता कक्ष, इनक्युबेटर]

हार्ट्सच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा पुरस्कार आता सँड्राच्या नावानं दिला जातो. रिजायनात महापालिकेच्या एका क्रीडा केंद्राला तिचं नाव आहे. ती ज्या प्रकारच्या ठिकाणी ड्यूटी करायची, तसंच ते एक केंद्र. बिगर गावानं तिच्या सुवर्णपदकाच्या नावानं बाग केली आहे. आणि तिच्या जवळच्या माणसांनी 2001 मध्ये तिच्या नावानं एक प्रतिष्ठान सुरू केलं. वेळेआधी जन्मलेल्या आणि आजारी तान्ह्या बाळांसाठी देशभरातल्या इस्पितळांना ते उपकरणं घेऊन देतं. हार्ट्स स्पर्धेच्या दिवसांत त्यासाठी निधी गोळा होतो आणि कर्लिंग पाहायला बसलेली माणसं घरून फोन करून पैसे देतात.