दुसऱ्या कॉर्नेटची जागा

श्रोतेहो, नमस्कार. ट्रम्पेट हे वाद्य आपण सर्वांनी वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत आणि जुन्या हिंदी चित्रपटगीतांत ऐकलेले आहे, त्यामुळे त्याची ओळख करून देण्यात मी वेळ घालवत नाही. हे वाद्य हाती घेतलेला मुलगा त्यावर पोट भरणारा वादक कसा होतो, हा आजचा विषय आहे आणि त्यासाठी मी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराच्या लुई आर्मस्ट्राँग या नामवंत ट्रम्पेटवादकाची वाटचाल निवडली आहे. माझे म्हणणे एवढेच, की त्याला प्रत्येक टप्प्यावर हवे त्यापेक्षा कमीच मिळाले आणि जे मिळाले त्यातच तो तयार होत गेला.

आर्मस्ट्राँगचा जन्म ४ ऑगस्ट १९०१ चा. घरी अठराविश्वे दारिद्र्य, वडील संसार सोडून गेलेले, आणि वस्ती अशी की दारूचे गुत्ते व जुगाराचे अड्डे दारातच. ३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री, अकरा वर्षांच्या या मुलाने घरातील पिस्तूल उचलले आणि नववर्षाच्या जल्लोषात हवेत बार काढला. त्या शहरात त्या रात्री असे बार पुष्कळ निघत. पोलिसाच्या हाती लागला तो हा. दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली आणि तेथे तो सुमारे दीड वर्ष राहिला.

पुढची हकीकत त्याने स्वतःच सांगितलेली आहे आणि मला ती सांगायला फार आवडते. पहिल्या दिवशी ताटात नुसत्या उकडलेल्या पांढऱ्या घेवड्याच्या बिया आल्या, सोबत भाताचे शीतही नव्हते. त्याने ताट बाजूला सारले आणि तीन दिवस तोंडात घास घेतला नाही. चौथ्या दिवशी जेवणाची घंटा होताच सर्वांत आधी तोच पंगतीला हजर होता! सुधारगृहात मुलांचा एक बँड होता आणि पीटर डेव्हिस नावाचे शिक्षक तो चालवीत. लुईचे डोळे त्या बँडवर लागलेले, परंतु डेव्हिस त्याच्याकडे पाहायलाही तयार नव्हते, कारण त्या बदनाम वस्तीतील पोर म्हणजे वाया गेलेले पोर, असे त्यांनी मनाशी धरले होते. महिने गेले. मुलाची वागणूक पाहून अखेर त्यांनीच एके दिवशी विचारले, बँडमध्ये येतोस का? त्याला वाटले, आता कॉर्नेट मिळणार. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचेच आखूड, किंचित मऊ आवाजाचे भावंड. डेव्हिस यांनी त्याच्या हाती ठेवली खंजिरी.

त्याने खंजिरी वाजवली आणि तालात वाजवली. मग ड्रम मिळाला, मग आल्टो हॉर्न हे मधल्या पट्टीचे पितळी वाद्य मिळाले, आणि त्यानंतर एक दिवस सुधारगृहाचा बिगुल वाजवण्याचे काम आले. उठणे, जेवणे, निजणे, सारे त्या बिगुलावर चाले. आधीच्या मुलाच्या हातात तो कळकून हिरवा पडला होता. लुईने पहिले काम केले ते बिगुल घासूनपुसून लखलखीत करण्याचे, आणि मग कुठे तो ओठाला लावला. येथे श्रोत्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: बिगुलाला कळा नसतात. ट्रम्पेटला व कॉर्नेटला दाबायच्या तीन कळा असतात, बिगुलाला एकही नसते, म्हणून त्यातून निघणारे सारे स्वर केवळ ओठ कमीअधिक आवळून आणि श्वास सांभाळून काढावे लागतात. या दुय्यम कामात मुलाचा ओठ तयार झाला. कॉर्नेट हाती आली ती त्यानंतर, आणि लवकरच तो त्या बँडचा नायक झाला.

एके दिवशी हा बँड वाजत गाजत नेमका त्याच्याच वस्तीतून निघाला. ज्यांना आपण सभ्य म्हणणार नाही असे सारे लोक, जुगारी, भुरटे चोर, गुत्त्यातील बायका, रस्त्यावर धावले. कोणीतरी जाऊन रात्रपाळी करून झोपलेल्या त्याच्या आईला उठवून आणले. या पोराला काही पैसे दिले तर चालेल का, असे त्या लोकांनी डेव्हिस यांना अदबीने विचारले. होकार मिळताच मुलांच्या टोप्या नाण्यांनी अशा भरल्या, की त्या पैशांतून साऱ्या बँडला नवे गणवेश आणि नवी वाद्ये घेता आली, असे आर्मस्ट्राँग सांगत असे. आपल्याकडे मात्र मंडपावर आणि जेवणावळीवर हात सैल सोडणारे यजमान बँडवाल्यांशी शे-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतात आणि त्यांना शेवटच्या पंगतीला बसवतात, हे मला कधीच पटलेले नाही. असो.

सुटून आल्यावर तो दिवसा खेचराच्या गाडीवरून कोळसा वाहू लागला आणि रात्री गुत्त्यांत वाजवू लागला. शहरातील नामांकित कॉर्नेटवादक जो ऑलिव्हर यांच्या घरची कामे करून त्याने त्यांच्याकडून धडे घेतले. ऑलिव्हर शिकागोला गेल्यावर किड ओरी यांच्या बँडमधील त्यांची रिकामी जागा लुईला मिळाली. पुढे मिसिसिपी नदीवरील प्रवासी बोटींवर फेट मॅरेबल यांच्या बँडमध्ये त्याला नोकरी लागली. तेथे समोर मांडलेला कागद पाहून वाजवावे लागे आणि कानावर वाढलेल्या लुईला ते नीट येत नव्हते. बँडमधील एका ज्येष्ठ सहकाऱ्याने, डेव्हिड जोन्स यांनी, त्याला नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले स्वर, वाचायला शिकवले. लहान मुलांना दोन महिन्यांत टीव्हीच्या स्पर्धेत उभे करणाऱ्या पालकांनी हा बोटीवरचा काळ जरूर विचारात घ्यावा.

ऑगस्ट १९२२ मध्ये ऑलिव्हर यांनी त्याला शिकागोला बोलावून घेतले, तेही दुसरी कॉर्नेट वाजवण्यासाठी. पुन्हा सांगतो, दुसरी कॉर्नेट. मुख्य चाल ऑलिव्हर यांची; आर्मस्ट्राँगने त्यांच्या मनात काय आहे ते ओळखून खालून साथ द्यायची. त्या काळी ध्वनिमुद्रणाला मायक्रोफोन नव्हता, सारे वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवीत. १९२३ मध्ये इंडियाना राज्यातील रिचमंड येथे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा त्याचा आवाज इतरांना झाकून टाकू लागला, म्हणून त्याला सर्वांपासून दूर उभे करावे लागले. त्याच बँडची पियानोवादक लिल हार्डिन, जिच्याशी त्याचे १९२४ मध्ये लग्न झाले, तिने हे हेरले आणि आता ऑलिव्हर यांच्या सावलीतून बाहेर पड, असा धोशा लावला. त्याच वर्षी तो न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसन यांच्या बँडमध्ये गेला आणि नोव्हेंबर १९२५ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याने स्वतःच्या नावाने पहिली ध्वनिमुद्रणे केली. कॉर्नेट सोडून तो ट्रम्पेटकडे वळला तोही याच सुमारास.

नोटेशन वाचण्याची जी विद्या आर्मस्ट्राँगला बोटीवर नोकरी करता करता मिळवावी लागली, ती गोव्यातील मुलांना गावच्या चर्चशी जोडलेल्या शाळेत लहानपणीच मिळत असे. म्हणूनच मुंबईच्या हॉटेलांतील बँडमध्ये आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गोवेकर वादकांना मोठी मागणी होती. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकीच एक. आर्मस्ट्राँगच्या ढंगाने ट्रम्पेट वाजवणारे हे गृहस्थ मुंबईत चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध झाले आणि ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजत असे. सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’च्या संगीतासाठी त्यांना सोबत घेतले, आणि त्या चित्रपटात ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात.