पन्नास रुपयांची वैरण

(मुंबईचं भुलेश्वर, सकाळ. पांजरापोळाच्या दाराशी गवताच्या पेंढ्या.)

कामावर जाता जाता कुणी एक पेंढी विकत घेतं, गाईपुढे टाकतं, हात जोडतं आणि पुढे निघतं. ही जागा 1834 सालची. त्याआधी दोन वर्षं इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला घेतली, तेव्हा मुंबईत दंगल उसळली होती. मग सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांनी जनावरांसाठी हे आश्रयस्थान उभारलं. म्हणजे या दाराची गोष्ट गाईपासून नाही, कुत्र्यांपासून सुरू होते.

इथे भोवती व्यापारी पेठ आहे, देणारे हात आहेत.

(माळरान. पत्र्याची शेड, रिकामी गव्हाण.)

गावाकडच्या गोशाळेला भुलेश्वर नसतं. तिचे डोळे मंत्रालयाकडे.

30 सप्टेंबर 2024 रोजी मंत्रिमंडळाने निर्णय घेतला: गोशाळेतल्या देशी गाईमागे दिवसाला 50 रुपये. निर्णय चांगलाच आहे. पण याच सरकारी यंत्रणेने 2019 च्या दुष्काळात चारा छावणीतल्या मोठ्या जनावरामागे 100 रुपये दिले होते. मोठ्या जनावराला वैरण लागते, ती दुष्काळातही तेवढीच आणि सुकाळातही तेवढीच. शिवाय गोशाळेत किमान 50 जनावरं हवीत. वीस जनावरं पदरमोड करून सांभाळणारा माणूस इथेच गळतो.

(पहाट. फाटकाला बांधलेला काळा-पांढरा खोंड.)

आणि हा एचएफचा, म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी दुधाळ जातीच्या संकराचा खोंड. दूधवाल्या गोठ्यात गाईला कालवड झाली तर आनंद, खोंड झाला तर चिंता. याला वशिंड नाही, मानेवर जू नीट बसत नाही, म्हणून औताला घेत नाहीत. 2015 च्या कायद्याने बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे बाजारातही गिऱ्हाईक नाही. ज्याला स्वतःच्या दुभत्या गाईंची पेंड परवडत नाही, तो शेतकरी याला कुठवर पोसणार? त्याला निर्दयी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कायदा सरकारने केला, मग या खोंडाच्या वैरणीची सोयही सरकारनेच करायला हवी. जनावराची जात न बघता, दाराशी आलेल्या प्रत्येक तोंडामागे पैसे मिळायला हवेत, आणि तेही कडबा स्वस्त असतो तेव्हा, सुगी संपताच.

(फाटक उघडतं.)

दावं सोडून त्याला आत घेतात. पाणी पाजतात. वहीत नोंद होते: खोंड, संकरित, वय अंदाजे चार महिने.

अनुदानाचा रकाना कोरा.