नंबर न लागणारं शिंगरू : ठेवायचं की विकायचं?

नमस्कार मंडळी. दत्तजयंतीचा सारंगखेड्याचा घोडेबाजार उलगला की माझ्याकडे ठरलेला प्रश्न येतो. "डॉक्टर, यंदाही प्रदर्शनात नंबर लागला नाही. ठेवू का काढून टाकू?" विचारणाऱ्याचा त्या जनावरात जीव असतो आणि चंदीचा दाणा, चारा, नालबंद, मोतद्दाराचा म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याचा पगार भरून तो मेटाकुटीलाही आलेला असतो. म्हणून आज आडवळणाने बोलत नाही. माझं मत असं, की तीन वर्षांच्या आतल्या शिंगराचा निकाल रिंगणातल्या नंबरावरून लावू नये. आधी त्याचं वय बघा, मग कुठे दुखतंय ते शोधा, आणि व्यवहाराला त्यानंतरच बसा.

वय तोंडात दिसतं. पुढचे मधले दोन दुधाचे दात साधारण अडीच वर्षांनी पडतात, त्यांच्या बाजूचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी सगळे पक्के दात येऊन तोंड जुळतं. म्हणजे अदंत किंवा दोनदाती म्हणून आपण ज्याला रिंगणात उभं करतो, ते अजून पोरच असतं. हाडांचंही तसंच. गुडघ्याच्या वरच्या हाडाची वाढ दोन-अडीच वर्षांपर्यंत चालते, आणि पाठीचे मणके पक्के व्हायला पाच-साडेपाच वर्षं लागतात. ज्या पाठीवर खोगीर टाकायची आपल्याला घाई असते, तीच सगळ्यात शेवटी तयार होते.

वाढ सारखीही होत नाही. काही महिने पुठ्ठा वर जातो आणि खांदा खाली राहतो. त्या दिवसांत चांगल्या रक्ताचा मारवाडी जातीचा घोडासुद्धा पंचांसमोर ओबडधोबड दिसतो, चालीत अडखळतो. तेच जनावर पुढच्या हंगामात ओळखू येत नाही. मात्र काही गोष्टी वयाने सुधारत नाहीत. घोट्याजवळच्या हाडाची वाढ पहिल्या काही महिन्यांतच आटोपते, त्यामुळे दोन वर्षांच्या शिंगराचा तिथला वाकडेपणा "मोठा झाला की सरळ होईल" या भरवशावर सोडू नका. कानांची ठेवणही जन्माची. शरीराचा बेढबपणा जाण्याची वाट बघा, हाडाच्या दोषाची बघू नका.

आता दुखण्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. एक तीन वर्षांचा कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा घोडा, माझ्याकडे आणला होता. लगाम चढला की मान झटकायचा, रिंगणात एका बाजूला वळायचाच नाही. मालक म्हणाले, डोक्यानेच खराब आहे. तोंडात हात घातला तर वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे हरभऱ्याएवढा फाजील दात, आणि दाढांच्या धारेने आतून गाल सोललेला. लगामाची कडी नेमकी त्या दातावर आपटत होती. दात काढला, दाढा कानशीने घासल्या, काही आठवडे तोंडात लोखंड घालू दिलं नाही. त्यानंतर तो दोन्ही बाजूंना वळू लागला. मुका जीव मान झटकूनच सांगणार, दुसरं काय करेल?

तंग म्हणजे खोगिराचा पोटपट्टा आवळताना कान मागे टाकणारा, चावायला येणारा घोडा दिसला की मी पोटाचा विचार करतो. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं आणि ते शमवणारी लाळ चावतानाच सुटते. सकाळ-संध्याकाळ चंदीचा तोबरा आणि मधले तासन्‌तास रिकामी गव्हाण, असं चाललं की जठरात जखमा होतात. त्याला चारा सतत समोर हवा. आणि जनावर खाऊनही वाळत असेल, ताप येऊन-जाऊन असेल, पोटाखाली सूज असेल, तर 'सर्रा' या आजारासाठी रक्त तपासा. हा आजार चावणाऱ्या माश्यांमुळे पसरतो. तो अंगात असेल तर कसलीही मेहनत करून चाल सुधारणार नाही.

हे सगळं करूनही घोडा रिंगणात बसत नसेल, तर नराच्या बाबतीत मी खच्चीकरण सुचवतो. ते ऐकून माणसं नाराज होतात. आपल्याकडे आंडिल, म्हणजे खच्ची न केलेल्या घोड्याचा मान मोठा आहे, मला ठाऊक आहे. पण ज्याचं बीज वापरावं असं वाटत नाही, त्याला आयुष्यभर एकटं, साखळदंडात बांधून ठेवणं मला बघवत नाही. खच्ची केलेला घोडा इतर घोड्यांत मोकळा चरतो, आणि असे बरेच घोडे शांत, विश्वासाचे सवारीचे होतात. घोडीचं उलटं होतं. काहीच जमत नाही म्हणून तिला पैदाशीला लावतात. अकरा महिन्यांचा गाभणकाळ, मग शिंगराची दोन-तीन वर्षं, आणि हाती पुन्हा तोच दोष. हे करू नका.

विकण्यात कमीपणा नाही. तोंड जुळेपर्यंत सांभाळायची ऐपत नसेल, तर जनावर अंगाने भरलेलं असतानाच विका. "दीड लाख घातलेत, ते तरी निघू देत" म्हणून ताटकळू नका. घातलेले पैसे गेले, पुढची चंदी मात्र रोज लागणार आहे. घोडा वरातीत जाईल, माथेरानला जाईल किंवा रायडिंग स्कूलला. वाजंत्री आणि फटाक्यांना बिचकणारा घोडा वरातवाल्याला देणं हा त्या घोड्यावर आणि त्यावर बसणाऱ्या नवरदेवावर, दोघांवर अन्याय आहे.

व्यवहाराआधी ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची तपासणी करून घ्या. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबाबतच्या 2009च्या केंद्रीय कायद्यात हा रोग आहे, माणसालाही होतो, आणि बाधित जनावर मारावं लागतं. धनुर्वाताच्या लशीची तारीख, खोडी, जुनी दुखापत, सगळं कागदावर लिहून द्या. घेणाऱ्याला म्हणावं, भाव नंतर बोलू, आधी तुमच्या मोतद्दाराला आणा आणि लगाम त्याच्या हातात द्या.