तो कागद दाखवा

[पडद्यावर: बंद दार. फक्त पावलांचा आवाज.]

२३ मे १९५७. अमेरिकेच्या ओहायो राज्यातलं क्लीव्हलँड शहर. दोन कुटुंबांचं घर, वरच्या मजल्यावर डॉलरी मॅप आपल्या मुलीसोबत राहतात. खाली तीन पोलीस दार ठोठावतायत. एका बॉम्बस्फोटाच्या चौकशीसाठी हवा असलेला माणूस इथे लपलाय आणि जुगाराचं साहित्यही याच घरात आहे, अशी त्यांना खबर लागलीय.

मॅपबाई दार उघडत नाहीत. आधी वकिलाला फोन लावतात. मग पोलिसांना सांगतात, झडतीचं वॉरंट असेल तरच आत या. पोलीस मुख्यालयाला कळवतात आणि घरावर पाळत ठेवून बसतात.

तीन तास जातात. आणखी किमान चार पोलीस येऊन मिळतात. पुन्हा ठोठावणं. बाई लगेच दाराशी आल्या नाहीत, तेव्हा एक दार फोडलं जातं. बाई जिन्यात अर्ध्यावर पोचल्यायत. त्या विचारतात, वॉरंट कुठाय? एक पोलीस हातातला कागद वर धरतो. बाई तो हिसकून घेतात आणि कपड्यांच्या आत, छातीशी खुपसतात. झटापट होते. हात पिरगळून कागद परत काढून घेतला जातो आणि बाईंच्या हातात बेड्या पडतात.

मग झडती. कपाटं, खण, सुटकेसी. मुलीची खोली. स्वयंपाकघर, तळघर, तिथली ट्रंक. खासगी कागदपत्रं. फोटोंचा अल्बमसुद्धा. लपलेला माणूस शोधायला आलेल्यांनी अल्बमची पानं उलटली, हे वाचताना मला दर वेळी बोचतं. तोवर बाईंचा वकील येऊन पोचला होता. त्याला ना घरात येऊ दिलं, ना बाईंना भेटू दिलं.

सापडलं काय? ओहायोच्या कायद्याने अश्लील ठरणारी काही पुस्तकं आणि चित्रं. बॉम्बस्फोटाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पण ती घरात बाळगल्याबद्दल बाईंना एक ते सात वर्षांची शिक्षा झाली. आणि तो कागद? खटल्यात सरकारी पक्षाने वॉरंट हजर केलंच नाही. का केलं नाही, याचा खुलासाही केला नाही.

[पडद्यावर: बॉस्टन, जुनी विटांची इमारत.]

एका कागदासाठी बाई एवढी झटापट का करतात, हे कळायला जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागतं. बॉस्टन तेव्हा इंग्रजांची वसाहत होतं. चोरटा माल शोधण्यासाठी जकात अधिकाऱ्यांच्या हाती सरसकट परवाने असायचे. त्यावर कुणाचं नाव नाही, घर नाही, कारण नाही. वाटेल त्या घरात शिरा, पेट्या फोडा. असा परवाना राजा जिवंत असेपर्यंत चालायचा, आणि पुढे सहा महिने. ऑक्टोबर १७६० मध्ये राजा दुसरा जॉर्ज वारला आणि परवाने नव्याने घेण्याची वेळ आली. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी हीच संधी साधून कोर्ट गाठलं.

त्यांची बाजू मांडायला उभा राहिला जेम्स ओटिस. हा स्वतः सरकारी वकील. या परवान्यांचं समर्थन करणं त्याच्या कामातच येत होतं. त्याने पद सोडलं आणि फेब्रुवारी १७६१ मध्ये उलट बाजूने तासन्‌तास युक्तिवाद केला. ऐकणाऱ्यांमध्ये पंचविशीतला एक तरुण वकील होता, जॉन अ‍ॅडम्स, पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला तोच. म्हातारपणी त्याने लिहिलं, स्वातंत्र्य नावाचं मूल तिथेच, त्याच क्षणी जन्माला आलं. ओटिस खटला हरला, हेही सांगायला हवं.

१५ डिसेंबर १७९१ रोजी अमेरिकेच्या राज्यघटनेत चौथी दुरुस्ती आली. इंग्रजीत एकच वाक्य, ५४ शब्दांचं. माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची गैरवाजवी झडती-जप्ती होणार नाही. वॉरंट निघेल ते सबळ कारण असेल तरच, शपथेवर सांगितलेलं असेल तरच. आणि त्यात कुठली जागा तपासायची, कुणाला किंवा काय ताब्यात घ्यायचं, ते नेमकं लिहिलेलं हवं. मला विचाराल तर सगळा जीव या ‘नेमकं’मध्ये आहे. बॉस्टनच्या परवान्यांत तेवढंच नव्हतं.

पण पोलिसांनी हे धाब्यावर बसवलं तर काय, याबद्दल त्या ५४ शब्दांत अक्षर नाही. एकशे वीसहून अधिक वर्षं या हक्काला दातच नव्हते. १९१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा केंद्राच्या न्यायालयांत चालणार नाही. पण बहुतेक गुन्हे राज्यांच्या कोर्टांत चालतात. तिथे १९४९ मध्ये गाडी अर्ध्यावरच अडली: हक्क राज्यांनाही लागू, पुरावा मात्र वापरायला मोकळीक.

मॅपबाईंचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा भर होता अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर, पुस्तकांवर. न्यायाधीशांनी बोट ठेवलं ते झडतीवर. १९ जून १९६१ रोजी निकाल आला. बेकायदा झडतीतला पुरावा यापुढे राज्यांच्या कोर्टांतही चालणार नाही. बाईंची शिक्षा रद्द झाली.

याची किंमत आहे. न्यायाधीश कार्डोझोंनी १९२६ मध्येच विचारलं होतं, हवालदार चुकला म्हणून गुन्हेगाराने सुटायचं? ज्याच्या घरात गुन्हा घडलाय, त्याच्यासमोर उभं राहून या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड आहे. मॅप निकाल लिहिणारे न्यायाधीश टॉम क्लार्क यांनी ते टाळलं नाही. गुन्हेगार सुटायचाच असेल तर सुटेल, पण त्याला सोडवतो तो कायदा, असं त्यांनी लिहिलं. मला हे पटतं. कारण त्या झडतीत मुलीची खोलीही होती.

पुढे अपवाद वाढत गेले. गाडीची झडती, अटकेच्या वेळची अंगझडती, तातडीची वेळ. घराच्या भिंती मात्र खिशापर्यंत आल्या. २०१४ मध्ये कोर्टाने एकमताने सांगितलं, अटक केलेल्या माणसाचा मोबाइल उघडायचा तर साधारणपणे आधी वॉरंट आणा. २०१८ मध्ये एका आरोपीच्या फोनवरून मोबाइल कंपन्यांकडे १२७ दिवसांत नोंदली गेलेली १२,८९८ ठिकाणं कोर्टापुढे होती. तीही वॉरंटशिवाय मागवायला नको होती, असा निकाल झाला.

[पडद्यावर: पुन्हा तेच दार.]

यात एक वाट मात्र सताड उघडी आहे, संमतीची. पोलीस विचारतात, आत येऊन बघू का? माणूस घाबरून हो म्हणतो, आणि वॉरंटची गरजच संपते. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की संमती मागताना ‘तुम्ही नाही म्हणू शकता’ हे पोलिसांनी सांगायलाच हवं असं नाही.

मॅपबाईंनाही पोलिसांनी ते सांगितलं नव्हतं. दार न उघडता त्यांनी आधी वकिलाला फोन केला होता.