कार्ब परत बसवला आणि गाडी सुरूच होईना? आधी प्लग काढून बघा

नमस्कार मंडळी! बाइकचा कार्ब, म्हणजे इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा कार्ब्युरेटर, उतरवला, साफ केला, परत चढवला, आणि आता गाडी किकला दादच देत नाही. पायात गोळे आलेत, बॅटरी बसत चाललीय. अशा वेळी हात पुन्हा कार्बच्या स्क्रूंकडेच जातो. तो आवरा. कार्ब एवढ्यात उघडायचा नाही. आधी स्पार्क प्लग काढायचा.

असं का, तर गाडी सुरू व्हायला पेट्रोल, हवा, करंट (प्लगची ठिणगी) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) लागतं. कार्ब काढायच्या आधी गाडी धावत होती ना? मग कॉम्प्रेशन काही एका दुपारी जात नाही. बिघाड बहुतेक तिथेच असतो जिथे आपला हात लागलाय. टाकी उतरवताना एखादा वायरचा सॉकेट सुटलेला असतो, प्लगची कॅप अर्धवट बसलेली असते. किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आणि साइड स्टँडही एकदा बघून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

(प्लग कॅमेऱ्याजवळ धरून)

आता हे बघा. चोक (थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारा खटका) ओढून सात-आठ किक मारल्या आणि लगेच प्लग काढला. टोकाला ओल दिसतेय? बोट लावलं की गार लागतं, पेट्रोलचा वास येतो. म्हणजे पेट्रोल आत पोचतंय, कदाचित जरुरीपेक्षा जास्तच. आणि हा दुसरा प्लग, खडखडीत कोरडा. इथे पेट्रोल पोचतच नाहीये. या एका फरकावर पुढचं सगळं काम ठरतं, म्हणून मी प्लगच्या आधी कुठेच हात घालत नाही.

करंट बघायचा तर प्लग कॅपमध्ये घालून त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवा आणि किक मारा. निळसर, कडक ठिणगी हवी. पण प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा आणि भोकावर फडकं ठेवा. किकबरोबर तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ती पेट घेऊ शकते. हे मनापासून सांगतोय, यात घाई करू नका.

प्लग कोरडा असेल तर कार्बच्या वाटीखाली (जिथे पेट्रोल साठतं) ड्रेन स्क्रू असतो, त्याखाली बाटली धरून तो सैल करा. पेट्रोल आलंच नाही, किंवा वाटीभर येऊन थांबलं, तर अडथळा वरच्या बाजूला आहे: टाकीखालचा पेट्रोलचा कॉक, पाइपला पडलेली मोड, फिल्टर, किंवा टाकीच्या झाकणातलं हवेचं बुजलेलं भोक. झाकण उघडल्यावर धार सुरू झाली तर दोष झाकणाचाच. काही गाड्यांचा कॉक इंजिनच्या ओढीवर उघडतो, त्यात बंद इंजिनावर पेट्रोल वाटीभर येऊन थांबणं हा दोष नाही. त्याचा बारीक व्हॅक्यूम पाइप लावायचा राहिला, तर टाकी भरलेली असूनही कार्ब उपाशी राहतो. अशा कॉकला प्राइमची (ओढीशिवाय पेट्रोल सोडणारी) खूण असेल तर रिकामी वाटी भरेपर्यंत तिथे ठेवा आणि मग परत फिरवा.

धार सलग येतेय, तरी प्लग कोरडा? मग मात्र कार्ब उघडायचा, आणि थेट पायलट जेटकडे, म्हणजे स्लोचं पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक पितळी तुकड्याकडे जायचं.

(जेट उजेडासमोर धरून)

हे भोक बघा, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक. गाडी सुरू होते आणि स्लोवर चालते ती याच्या जिवावर. मेन जेटचं काम जास्त रेस दिल्यावर. पण होतं काय, मेन जेट मोठं, हाताला लगेच लागतं, ते चकाचक होतं, आणि पायलटमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा तसाच राहतो. उजेडासमोर धरल्यावर भोक पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. तार खुपसू नका, पितळ मऊ असतं, भोक एकदा मोठं झालं की ते जेट गेलं. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. एअर स्क्रूच्या भोकातूनही क्लीनर मारा आणि कार्बच्या घशातल्या बारीक छिद्रांतून तो बाहेर येतो का बघा. डोळ्यांवर चष्मा हवाच, तो फवारा कुठून उलटा येईल याचा नेम नसतो.

प्लग ओला असेल आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेंब पडत असतील, तर फ्लोटची (वाटीतल्या तरंगत्या तुकड्याची) सुई, जी वाटी भरली की पेट्रोल अडवते, ती नीट बसत नाहीये. कचऱ्याचा एक कणही तेवढ्याला पुरतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलके ठोके द्या, पुष्कळदा तेवढ्याने सुई बसते. नाही बसली तर फ्लोट काढून कानाजवळ हलवा. आत पेट्रोल डुचमळतंय असं वाटलं तर तो फुटलाय. नुसता प्लग भिजला असेल तर तो पुसून वाळवा, चोक बंद करा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि किक मारा, जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. पण कार्ब बराच वेळ वाहत असेल तर ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

आता ज्या दोषाने मला दोन दिवस रडवलं, तो सांगतो. माझी स्वतःचीच गाडी. तीनदा कार्ब उघडला, तीनदा जेट धुतले. सुरू व्हायची, आपोआप रेस चढायची आणि चोक सोडला की बंद. शेवटी टॉर्च मारून पाहिलं, तर कार्ब आणि मॅनिफोल्ड (कार्ब इंजिनला जोडणारी नळी) यांच्यामधली ओ-रिंग (रबरी कडी) खाचेतून निसटून एका बाजूला चेमटली होती. तिथून इंजिन चोरून हवा ओढत होतं. पेट्रोल नीट जळायला वजनाने त्याच्या साधारण १४.७ पट हवा लागते, आणि थंड इंजिनला तर मिश्रणात त्याहून जास्त पेट्रोल हवं असतं. अशात फालतूची हवा शिरली की गाडी सुरू होणं मुश्कील. म्हणून कार्ब बसवताना रबराला भेगा आहेत का बघा, कार्ब शेवटपर्यंत आत सरकलाय याची बोट फिरवून खात्री करा आणि मगच क्लॅम्प आवळा. शंका असेल तर गाडी चालू ठेवून सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरतेय. गरम इंजिनवर क्लीनर मारू नका, आग लागेल.

स्लाइडवाला कार्ब (ज्यात रेस दिली की पिस्टनसारखा तुकडा वर-खाली होतो) असेल तर स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी. उलटी गेली तर ती पूर्ण खाली बसत नाही आणि गाडी सुरू होताच किंचाळते.

थंड गाडीला चोक ओढून रेस पिळायची सवयही सोडा. बऱ्याच कार्बमध्ये चोक म्हणजे पेट्रोलची वेगळी वाट असते, आणि ती चालते इंजिनच्या ओढीवर. रेस दिली की ओढ कमी होते आणि चोकचा उपयोगच राहत नाही.

मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्या, मग दीड-दोन फेरे बाहेर. बारीक सेटिंग इंजिन गरम झाल्यावर. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, तिथे नेमकं उलटं.

गाडी सुरू झाली, स्लोवर स्थिर झाली, तरी लगेच रस्त्यावर नेऊ नका. स्टँडवर असतानाच हँडल पूर्ण डावीकडे वळवा, मग पूर्ण उजवीकडे. जराशी जरी रेस वाढली, तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. टाकी परत वर करा आणि केबल जिथून गेली होती तिथूनच न्या.